रून लिपी आणि नॉर्स चिन्हं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

वेब सिरीज, गेम आणि टॅटूवाल्यांच्या नमुना-वह्या यांमुळे नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातली, चिन्हं आता आपल्याकडेही ओळखीची झाली आहेत. थोरचा हातोडा, एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण, आठ काट्यांचं चक्र, आणि भोवती टोकदार अक्षरांची, म्हणजे रूनची, रांग. हे सगळं एकाच पानावर 'व्हायकिंग' या नावाखाली छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातला हातोडा दहाव्या शतकातला असतो, चक्र 1860 सालच्या एका आइसलँडी हस्तलिखितातलं, आणि अक्षरं व्हायकिंग काळ सुरू होण्याआधीच वापरातून गेलेली. नवख्या माणसाचा सगळा गोंधळ या सरमिसळीतून होतो.

म्हणून शिकताना एक सवय लावून घ्या. कोणतंही चिन्ह समोर आलं की त्याचा अर्थ शोधण्याआधी तीन प्रश्न विचारा: ते कुठल्या वस्तूवर सापडलं, कुठे सापडलं, आणि ती वस्तू किती जुनी आहे? हे तीन प्रश्न विचारायला लागल्यावर माझा निम्मा वेळ वाचला. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत.

सुरुवातीला काय लागेल

- चौकटींची वही आणि पेन्सिल.
- फुथार्कचे, म्हणजे रूनच्या वर्णमालेचे, दोन वेगळे तक्ते: जुन्या फुथार्कचा (24 अक्षरं) आणि धाकट्या फुथार्कचा (16 अक्षरं). दोन्ही एकाच तक्त्यात एकत्र केलेले असतील तर तो तक्ता घेऊ नका.
- उत्तर युरोपचा साधा नकाशा. डेन्मार्क, गोटलँड बेट, स्टॉकहोमच्या उत्तरेचा उपलांड प्रांत आणि नॉर्वेतलं बर्गन, एवढं त्यावर शोधून ठेवा.
- स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाने तयार केलेली रून-लेखांची माहितीसूची. ती इंटरनेटवर मोफत आहे. प्रत्येक लेखाचं मूळ वाचन, ठिकाण आणि अंदाजे काळ तिच्यात मिळतो.
- मोबाइलवर रून दिसण्यासाठी 'नोटो सान्स रुनिक' हा फॉन्ट. युनिकोडमध्ये रून 1999 पासून आहेत, त्यामुळे चित्रं चिकटवत बसण्याची गरज नाही.
- मऊ लाकडाची काठी आणि धारदार चाकू. हे कशाला, ते पुढे येईल.

1. आधी अक्षरं मोजा

फुथार्क हे नाव पहिल्या सहा अक्षरांवरून पडलं आहे: फ, उ, थ, अ, र, क. पण फुथार्क एकच नाही.

जुना फुथार्क साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून आठव्या शतकापर्यंत चालला. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर विमोसे इथे सापडलेल्या कंगव्यावर 'हर्या' ही अक्षरं आहेत. तो कंगवा इसवी सन 160 च्या सुमाराचा आहे. याच 24 अक्षरांची संपूर्ण रांग गोटलँडमधल्या क्युल्वर इथल्या दगडावर कोरलेली सापडली, साधारण इसवी सन 400 ची.

आठव्या शतकात ही वर्णमाला आक्रसली आणि 16 अक्षरांची झाली. गंमत म्हणजे त्याच काळात बोलीतले ध्वनी वाढत होते. व्हायकिंग काळ साधारण 793 ते 1066 असा धरतात. म्हणजे व्हायकिंग लोक ज्या लिपीत लिहीत, ती ही धाकटी, सोळा अक्षरांची. बाजारातलं बहुतेक 'व्हायकिंग' सामान मात्र जुन्या 24 अक्षरांत असतं.

म्हणून कोणताही तक्ता हाती आला की आधी मोजा. 24 अक्षरं असतील तर व्हायकिंगांच्या आधीचा काळ. 16 असतील तर व्हायकिंग काळ. 28 किंवा त्याहून जास्त असतील तर बहुधा इंग्लंडमधली अँग्लो-सॅक्सन मालिका. 18 असतील तर तो तक्ता ऑस्ट्रियाच्या गीडो फॉन लिस्टने 1908 च्या पुस्तकात मांडलेला आहे, त्याबद्दल सातव्या पायरीत बोलू. आणि 24 अक्षरांच्या जोडीला एक कोरा तुकडा असेल, तर तो 1982 साली अमेरिकेत भविष्य सांगण्यासाठी काढलेल्या संचातून आलेला आहे. कोऱ्या रूनला इतिहासात कुठेही आधार नाही.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. वरच्या टोकाला तीन फांद्या असलेली उभी रेघ जुन्या फुथार्कमध्ये 'झ'च्या जवळच्या ध्वनीसाठी आहे. हुबेहूब तीच आकृती धाकट्या फुथार्कमध्ये 'म' आहे. काळ ठरवल्याशिवाय वाचायला बसलात तर सरळ चुकीचं वाचाल.

2. नावं आणि ध्वनी वेगळे ठेवा

प्रत्येक रूनला नाव आहे. फे म्हणजे गुरंढोरं, संपत्ती. हागाल म्हणजे गारा. ईस म्हणजे बर्फ. सोल म्हणजे सूर्य. ब्यार्कान हे भूर्जाच्या झाडावरून आलं. ही नावं आपल्याला रून-कवितांमुळे माहीत आहेत. इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलँड इथल्या मध्ययुगीन कविता त्या. नॉर्वेच्या कवितेतल्या पहिल्या ओळीचा आशय असा: संपत्ती भाऊबंदांत भांडणं लावते, लांडगा रानात वाढतो. दुसरं वाक्य पहिल्याला यमकासाठी जोडलेलं दिसतं, तरी दोन्ही मिळून जो परिणाम होतो तो मला फार आवडतो.

पण या कविता व्हायकिंग काळातल्या किंवा त्यानंतरच्या आहेत. जुन्या 24 अक्षरांची 'फेहू', 'उरुझ' अशी नावं कुठल्याही दगडावर यादी करून लिहिलेली नाहीत. भाषाशास्त्रज्ञांनी ती मागे जाऊन जुळवली आहेत. म्हणून 'फेहू म्हणजे आर्थिक भरभराट, नवी सुरुवात, आत्मविश्वास' अशी लांबलचक यादी दिसली की ती आजच्या काळातली आहे असं धरून चाला.

तुमचा रोजचा अभ्यास ध्वनींचा असू द्या. रून ही आधी लिपी आहे. देवनागरी येणाऱ्याला इथे एक सोय आहे: आपल्याला उच्चाराप्रमाणे लिहायची सवय असते, आणि रून कोरणारेही बऱ्याच अंशी ऐकू येईल तसंच कोरत.

याच टप्प्यावर काठी आणि चाकू काढा. चार-पाच अक्षरं कोरून बघा. उभी रेघ धाग्याला आडवी बसते, तिरकी रेघही नीट उठते. धाग्याच्या दिशेने जाणारी आडवी रेघ मात्र लाकडात हरवते. रूनमध्ये आडव्या रेघा का नसतात, हे हाताला कळलं की आकार विसरत नाहीत. चाकू नेहमी अंगापासून दूर चालवा.

3. एक खरा दगड वाचा

तक्ता पाठ करत महिने घालवू नका. सोळा अक्षरं ओळखता यायला लागली की लगेच दगडाकडे या. स्वीडनमध्ये दोन हजारांहून जास्त रून-शिळा आहेत, बहुतेक अकराव्या शतकातल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य एकाच साच्यातल्या: अमक्याने तमक्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारला.

मी सगळ्यांना स्टॉकहोमच्या उत्तरेकडच्या टेब्यू इथला यार्लाबांकेचा दगड सुचवतो. सूचीत त्याचा क्रमांक यू 164 आहे. यू म्हणजे उपलांड. मजकुराचा अर्थ असा: यार्लाबांकेने हे दगड स्वतःच्या स्मरणार्थ, जिवंतपणी उभारले, हा पूल स्वतःच्या आत्म्यासाठी बांधला, सगळ्या टेब्यूचा तो एकटा मालक होता, देव त्याच्या आत्म्याला साहाय्य करो. इथला पूल म्हणजे पाणथळ जमिनीवरून घातलेला भरावाचा रस्ता. ख्रिस्ती झालेल्या जमीनदाराने पुण्यासाठी रस्ता बांधला आणि सगळी जमीन माझीच, हेही त्याच दमात लिहून टाकलं.

वाचायचा क्रम असा ठेवा:

- आधी दिशा ठरवा. लेख डावीकडून उजवीकडे, उलट, किंवा वळत जाणारा असू शकतो. 'र', 'ब', 'क' यांच्या फांद्या वाचनाच्या दिशेला तोंड करून असतात. सापाच्या पट्ट्यात कोरलेला मजकूर बहुधा सापाच्या डोक्यापाशी सुरू होतो.
- मग शब्द वेगळे करा. शब्दांमध्ये पुष्कळदा छोटी फुली किंवा टिंबं असतात.
- ओळखीचे शब्द शोधा. 'लित' म्हणजे करवून घेतलं, 'रइसा' उभारणं, 'स्तइन' दगड, 'फाथुर' वडील, 'सिन' आपला. शेवटाकडे 'कुथ हिअल्बि' दिसलं की 'देव साहाय्य करो' हे शब्द आले. एवढ्या शब्दसंपत्तीवर उपलांडमधल्या कितीतरी दगडांचा सांगाडा हाती येतो.

धाकट्या फुथार्कमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, त आणि द यांना एकच, ब आणि प यांना एकच. 'देव' या अर्थाचा 'गुद' म्हणून 'कुथ' असा दिसतो. जोडाक्षरातलं द्वित्त लिहीत नाहीत. आणि व्यंजनाच्या आधीचा अनुनासिक बरेचदा गाळतात. यार्लाबांकेचं नाव त्याच्या स्वतःच्या दगडावर 'इअर्लबकि' असं आहे, त्यात न नाहीच. अनुस्वार मनातल्या मनात घालून वाचायचं, एवढं लक्षात ठेवा.

'न' आणि 'अ' या दोन रूनमध्ये विशेष जपा. दोन्ही म्हणजे उभ्या रेघेवर एक तिरका छेद, फक्त कल उलटा. मजकूर उजवीकडून डावीकडे असेल तर तो कलही उलटतो. दिशा आधी ठरवायची ती यासाठी.

हा दगड जमला की यू 344 कडे जा. त्यावर उल्फ नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये तीन वेळा खंडणी घेतल्याची नोंद आहे: पहिली तोस्तीने वाटली, मग थोर्केलने, मग क्नूटने. हा क्नूट म्हणजे पुढे इंग्लंड आणि डेन्मार्कवर राज्य केलेला राजा. एका खेड्यातल्या दगडावर त्याचं नाव स्वतः अक्षर-अक्षर लावून वाचताना जे वाटतं, त्यासाठी तरी रून शिकावी.

4. चिन्हांची तारीख तपासा

आता आकृत्यांकडे वळू. लोक सर्वाधिक फसतात ते इथे.

थोरचा हातोडा, म्योल्निर, पूर्णपणे खरा. दहाव्या शतकातली हातोड्याच्या आकाराची पदकं मोठ्या संख्येने सापडली आहेत. पुष्कळ काळ काही अभ्यासकांना शंका होती की हे नक्की हातोडेच आहेत का. 2014 मध्ये डेन्मार्कच्या लोलांड बेटावर केबेलेव इथे एक पदक मिळालं, त्यावर रूनमध्ये चक्क 'हा हातोडा आहे' असं कोरलेलं आहे, तेही एक अक्षर गाळून. डेन्मार्कमधल्याच ट्रेंडगोर्डन इथल्या साबणदगडाच्या साच्यात हातोडा आणि क्रूस दोन्ही ओतायची सोय आहे. कारागिराकडे दोन्ही धर्मांची गिऱ्हाइकं येत होती.

तीन गुंतलेले त्रिकोण, म्हणजे आजचा 'वाल्कनूट', हाही खरा, पण अर्धवट माहीत असलेला. गोटलँडच्या चित्रशिळांवर तो आहे, आणि 834 मध्ये पुरलेल्या ओसेबर्ग जहाजातल्या पलंगावरही. शिळांवर त्याच्या आसपास फासावरचा माणूस, घोडा असे प्रसंग दिसतात, म्हणून नॉर्स देवांचा प्रमुख ओडिन याच्याशी त्याचा संबंध जोडतात. तो तर्क सयुक्तिक आहे. पण त्या काळात त्याला काय म्हणत हे कुठे लिहिलेलं नाही. 'वाल्कनूट' हे नाव त्याला आधुनिक काळात मिळालं. 'युद्धात मरायला तयार असलेल्या योद्ध्याचं चिन्ह' असं ठाम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आठ काट्यांचं चक्र, वेगवीसिर. टॅटूमध्ये सर्वांत लोकप्रिय असलेलं हे चिन्ह व्हायकिंग मुळीच नाही. गेइर विग्फूसन यांनी 1860 मध्ये आइसलँडमध्ये तयार केलेल्या 'हुल्द' या हस्तलिखितात ते येतं. सोबतची टीप सांगते की हे जवळ बाळगणारा वादळात किंवा खराब हवेत, अनोळखी वाटेवरही हरवणार नाही. चिन्ह सुंदर आहे, आइसलँडच्या लोकपरंपरेतलं आहे, ज्यांना आवडतं त्यांनी जरूर वापरावं. फक्त त्याला हजार वर्षं जुनं म्हणू नये.

त्याचंच भावंड एगिसह्याल्मुर, 'भयाचं शिरस्त्राण'. हे नाव जुन्या काव्यात आहे: फाफनिर ड्रॅगन ते आपल्यापाशी असल्याचं सांगतो. पण आज दिसणारी त्रिशूळांची आकृती आइसलँडमधल्या सोळाव्या-सतराव्या शतकापासून पुढच्या मंत्रतंत्राच्या वह्यांमधली आहे. नाव जुनं, चित्र नंतरचं. अशी जोडणी इतरत्रही भेटेल. 'वेब ऑफ वीर्ड' (नियतीचं जाळं) नावाची नऊ रेघांची जाळी तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

मोबाइलवरचं ब्लूटूथचं चिन्ह मात्र अस्सल धाकट्या फुथार्कमधलं आहे: 'ह' आणि 'ब' या दोन रून एकावर एक. ती राजा हाराल्ड ब्लोटनची, म्हणजे निळ्या दाताच्या हाराल्डची, आद्याक्षरं. त्याने साधारण 965 मध्ये यलिंग इथे उभारलेला दगड आजही जागेवर आहे, आणि त्यावर त्याने सांगितलंय की त्याने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकले आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं.

5. जादू आणि भविष्य: काय म्हणता येतं

'रून म्हणजे नुसती अक्षरं, जादू वगैरे काही नाही' हेही खरं नाही. स्वीडनच्या ब्लेकिंगे भागातल्या ब्योर्केतोर्प दगडावर, जो हे स्मारक फोडेल त्याला शाप दिलेला आहे. साधारण 1270 च्या आइसलँडी हस्तलिखितात टिकलेल्या काव्यात ओडिन नऊ रात्री वाऱ्यात हलणाऱ्या झाडावर भाल्याने जखमी होऊन लटकतो आणि रून मिळवतो. लोक या अक्षरांत सामर्थ्य मानत होते.

पण पिशवीतून तुकडे काढून भविष्य सांगण्याची आजची पद्धत जुनी असल्याचा पुरावा नाही. त्यासाठी रोमन लेखक टॅसिटसचा दाखला देतात. त्याने इसवी सन 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांच्या लाकडी चिठ्ठ्यांबद्दल लिहिलं आहे खरं, पण त्यांवर 'खुणा' होत्या एवढंच तो सांगतो.

माझ्या दृष्टीने रूनची खरी किमया बर्गनमध्ये आहे. 1955 च्या आगीनंतर ब्रिगन या जुन्या बंदरभागात उत्खनन झालं आणि सहाशेहून जास्त मध्ययुगीन रून-लेख मिळाले, बहुतेक लाकडी काड्यांवर. मालाच्या गाठोड्यांवर बांधायच्या मालकाच्या नावाच्या पट्ट्या, प्रेमाच्या ओळी, प्रार्थना. एकीवर निरोप आहे: ग्युदा म्हणते, घरी चल.

6. आपलं नाव लिहिताना

प्रत्येकाला हे करायचंच असतं, आणि त्यात काही वावगं नाही. नियम एवढाच: इंग्रजी स्पेलिंगवरून लिहू नका. ऑनलाइन कन्व्हर्टर नेमकं तेच करतात, रोमन अक्षराला एक रून जोडतात.

मराठी नावांचा मोठा सापळा 'थ' आणि 'ठ'. विठोबा, प्रथमेश, सिद्धार्थ यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी-एच येतात, मग कन्व्हर्टर 'थुर्स' ही रून टाकतो. तो ध्वनी मात्र जीभ दातांना लावून हवा घासत काढलेला आहे, इंग्रजी 'थिंक'मधला. आपला थ वेगळा. त्यासाठी साधी 'त'ची रून जवळची.

16 अक्षरांत विठोबा असा बसतो: उ-इ-त-उ-ब-अ. 'व'ला उ, ओकाराला उ. गणपत होतो क-अ-न-अ-ब-अ-त. अनंत लिहिताना शेवटचा अनुस्वार गाळला तरी जुन्या रीतीला धरूनच होईल. ळ साठी ल, श साठी स. महाप्राण वेगळे दाखवता येत नाहीत. च आणि ज यांना मुळात जागाच नाही. तिथे तडजोड करावी लागते, आणि कुठलीच तडजोड 'बरोबर' नसते.

कायमचं गोंदवून घेणार असाल तर लिहिलेलं दोन जाणकारांना वेगवेगळं वाचायला द्या. तेराव्या शतकातल्या एगिलच्या सागात (सागा म्हणजे जुनी आइसलँडी गद्यकथा) एक प्रसंग आहे: एका आजारी मुलीच्या अंथरुणात एगिलला देवमाशाचं हाड मिळतं, त्यावर कुणा मुलाने तिचं प्रेम मिळावं म्हणून चुकीच्या रून कोरलेल्या असतात आणि त्यांनीच तिचं दुखणं वाढवलेलं असतं. एगिल त्या खरवडून जाळतो आणि बजावतो की ज्याला वाचता येत नाही त्याने रून कोरू नयेत.

7. अंगावर घालण्याआधी

ही पायरी वगळू नका, विशेषतः युरोपात शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल तर.

गीडो फॉन लिस्टच्या अठरा मनगढंत रूनमधून पुढे नाझींनी उचल केली. एस.एस. या नाझींच्या निमलष्करी दलाची दोन विजेसारखी चिन्हं त्याच वळणाची. जर्मनीत ती जाहीरपणे मिरवणं फौजदारी कायद्याच्या कलम 86अ खाली गुन्हा आहे. 'ओथाला' ही रून, विशेषतः खाली पंख किंवा पाय जोडलेली, एका एस.एस. डिव्हिजनने वापरली आणि आजचे नवनाझी गटही वापरतात. वर बाण असलेली 'ट्यूर' रून नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट या नवनाझी संघटनेच्या झेंड्यावर आहे. तीन फांद्यांची ती रून नाझी काळात 'जीवन-रून' म्हणून वापरली गेली. बारा आऱ्यांचा 'काळा सूर्य' वेवेल्सबुर्ग किल्ल्यातल्या एस.एस.च्या दालनाच्या फरशीवरून आला. तो तर टाळाच.

मराठी घरात वाढलेल्याला हे पटकन कळेल. उंबऱ्यावरचं स्वस्तिक आपल्यासाठी मंगल आहे. डेन्मार्कच्या स्नोल्डेलेव्ह दगडावरही स्वस्तिक आहे, शेजारी तीन गुंफलेली शिंगं. कोरणाऱ्याच्या मनात नाझी असणं शक्य नव्हतं. तरीही म्युनिकच्या ट्रेनमध्ये तुमच्या दंडावरची आकृती पाहणारा माणूस नवव्या शतकाचा विचार करणार नाही. ओथाला किंवा ट्यूर एकटी, मोठी, सुटी घालू नका. शब्दात, इतर अक्षरांबरोबर आली तर ती अक्षरच राहते. हातोडा आणि वेगवीसिर सहसा अडचणीत आणत नाहीत, तरी आजूबाजूला काय काढताय ते बघा.

8. प्रत्यक्ष बघायला जाताना

स्टॉकहोममध्ये असाल तर टेब्यू आणि वालेंतुना तळ्याभोवतीचा 'रूनरिकेत' हा मार्ग एका दिवसात बराचसा होतो, बसने आणि पायी. क्युल्वरचा दगड शहरातल्या इतिहास संग्रहालयाचा आहे. उप्साला विद्यापीठाच्या बागेत काही दगड उघड्यावर उभे आहेत. डेन्मार्कमध्ये यलिंग चुकवू नका. इस्तंबूलला उतरलात तर हागिया सोफियाच्या वरच्या सज्जाच्या कठड्यावर हाल्फदान नावाच्या कुणीतरी खरडलेलं नाव आहे, आणि व्हेनिसमध्ये शस्त्रागाराच्या दारातल्या संगमरवरी सिंहाच्या खांद्यावर रूनचा साप कोरलेला आहे. हा सिंह 1687 मध्ये अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून आणलेला.

दगडावरचा लाल रंग आजचा असतो, वाचायला सोपं जावं म्हणून जाणकार भरतात. मूळ दगडही रंगवलेले होते, हे रंगाच्या उरलेल्या खुणांवरून कळतं. रंगवणाऱ्याने एखादी रेघ वेगळी धरली असण्याची शक्यता असते, म्हणून रंगापेक्षा खाच बघा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात खाचा उठून दिसतात. ढग असतील तर टॉर्च दगडाला समांतर धरा. खडूने रेघा भरू नका, कागद ठेवून घासू नका, शेवाळ खरवडू नका: हे दगड कायद्याने संरक्षित आहेत आणि हजार वर्षांच्या पाऊस-बर्फाने मऊ पडलेले आहेत. फोटो तीन बाजूंनी घ्या, दगडाचा क्रमांक वहीत लिहा, आधी स्वतः वाचून बघा, आणि मगच सूचीतलं वाचन उघडा.